मज्जारज्जूची इजा व शीतोपचार : ‘नंतर’ आणि ‘मुळे’

वैद्यक हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. तथापि ‘नंतर’ आणि ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययांतील भेद रुग्णशय्येपाशी किती मोलाचा ठरतो, हे पाहावयाचे असेल तर मज्जारज्जूच्या इजेवरील शीतोपचाराकडे वळावे.

९ सप्टेंबर २००७ रोजी अमेरिकी फुटबॉलच्या सामन्यात बफेलो संघाचा केव्हिन एव्हरेट याच्या मानेचे मणके निखळले आणि हातपाय लुळे पडले. शल्यविशारद अँड्र्यू कॅपुचिनो यांनी रुग्णवाहिकेतच त्याच्या शिरेत थंड लवणजल सोडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो चालताना लोकांनी पाहिला. ‘थंडाव्यानंतर’चे ‘थंडाव्यामुळे’ होण्यास मग वेळ लागला नाही. वस्तुतः रज्जूवरील दाब काढणारी शस्त्रक्रियाही त्याच दिवशी झाली होती, आणि स्टेरॉइडही दिले गेले होते.

कल्पना निराधार मात्र नव्हे. आघाने तत्क्षणी चिरडलेल्या पेशी गेल्याच; परंतु पुढील तासांत आणि दिवसांत सूज, रक्ताची चणचण व दाह यांनी वाचलेला भागही मरू लागतो. थंडाव्याने पेशींची प्राणवायूची गरज घटते व हा क्रम मंदावतो. अल्बिन, व्हाइट प्रभृतींनी माकडांवर केलेले यासंबंधीचे प्रयोग १९६८ सालीच प्रसिद्ध झाले होते.

पुढे मायामी येथे मानेची ‘पूर्ण’ इजा झालेल्या १४ रुग्णांचे तापमान ३३ अंश सेल्सिअसवर ४८ तास राखले गेले. त्यांपैकी ६ जणांची श्रेणी सुधारली. येथे ‘पूर्ण’ हा शब्द फसवा आहे. रज्जू तुटला, असा त्याचा अर्थ नाही. त्रिकभागाच्या सर्वांत खालच्या खंडांत संवेदना वा हालचाल आढळली नाही, एवढाच आहे. तो तपासणीचा निष्कर्ष होय, रचनेचे वर्णन नव्हे. पहिल्या दिवशी ‘पूर्ण’ ठरलेले काही रुग्ण थंडाव्यावाचूनही सुधारतात. आणि मायामीत तुलनेस घेतलेले रुग्ण त्याच वेळी चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, पूर्वीचे होते. ‘सहा सुधारले’ हे खरे. ‘शीतामुळे सहा सुधारले’ हे त्यावरून निघत नाही.

“वेळीच थंड केले असते, तर आमचा मुलगा चालला असता का, डॉक्टर?” या प्रश्नास ‘हो’ म्हणण्याइतका पुरावा अद्याप नाही, ठाम ‘नाही’ म्हणण्याइतकाही नाही. शिवाय शीत निरुपद्रवी नव्हे : न्यूमोनिया, शिरांतील गुठळ्या, हृदयाची अनियमित गती हे धोके त्यासोबत येतात, आणि मानेच्या इजेच्या रुग्णाचा श्वास आधीच दुबळा असतो.