लाल फोन? कधी नव्हताच!

सिनेमांनी डोक्यात बसवलेला तो लाल टेलिफोन विसरा. वॉशिंग्टन आणि मॉस्कोमधली ‘हॉटलाइन’ सुरू झाली ती टेलिप्रिंटरवर. ऑक्टोबर 1962 मध्ये क्युबातील क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आले, तेव्हा सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचा एक लांबलचक संदेश अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हाती पूर्ण पडायला जवळपास 12 तास लागले होते. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांच्या तारा तर तार कंपनीचा पोऱ्या सायकलवरून घेऊन जाई!

म्हणूनच 20 जून 1963 रोजी जिनिव्हात हॉटलाइनचा करार झाला. 30 ऑगस्टला लाइन चालू झाली. बोलण्यात गैरसमज होतात, म्हणून मुद्दाम लेखी संदेश, तेही ज्याच्या त्याच्या भाषेत. तारेचा मार्ग लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी असा. महासत्तांची ही नाजूक दोरी फिनलंडमध्ये एकदा शेतकऱ्याच्या नांगराने तोडली.

1986 मध्ये फॅक्स आला, 2008 मध्ये ई-मेल. खऱ्या संकटात हॉटलाइन पहिल्यांदा वापरली गेली जून 1967 मधील अरब-इस्रायल युद्धात. आणि डिसेंबर 1971 मध्ये, भारत-पाक युद्ध पेटले असताना, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनीही याच यंत्रावरून सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना संदेश धाडला होता.