रक्तातलं तण

भोरजवळच्या उत्रोलीत भाताच्या खाचरात तण माजलं, की रोपं खुरटतात. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, अस्थिमज्जेचं तसंच होतं. निरोगी माणसाच्या मायक्रोलिटरभर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. या आजारात त्या कधी लाखावर जातात. पण तीव्र प्रकारात बहुतेक कच्च्या, जंतूंशी लढायला निरुपयोगी. त्यांच्या दाटीत लाल पेशी आणि प्लेटलेट कमी पडतात. म्हणून दम लागतो, ताप हटत नाही, हिरड्यांतून रक्त येतं. संशय सीबीसी या साध्या रक्ततपासणीतून येतो, खात्री मज्जा तपासून होते.

४ एप्रिल २०२४ रोजी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या, या आजाराच्या काही प्रकारांवरच्या देशी कार-टी उपचाराचं लोकार्पण झालं. त्यात रुग्णाच्याच ‘टी’ या पांढऱ्या पेशींना कर्करोगी बी पेशी ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. खुरपणी घरच्याच माणसांकडून!