हिरडीचे टाके

दाताच्या उपचाराला मुंबईस गेलेला माणूस बहुधा नातेवाइकाकडे उतरतो. कुणाचा भाऊ अंधेरी-बोरिवलीला असतो, कुणाची बहीण घाटकोपर-मुलुंडला. अंधेरी-बोरिवलीची लोकल मुंबई सेंट्रलला जाते. तिथे महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आहे. मुलुंडची गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते. तिथून जवळच, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, सरकारी दंत महाविद्यालय आहे.

डॉक्टर म्हणतात, "जबड्यात हाड भरू, मग टाके घालू." ऐकून पोटात गोळा येतो. हे टाके कशासाठी, ते आपण समजून घेऊ.

दात काढला की तिथले हाड हळूहळू झिजते. नवा दात रोवायला हाड तर हवे. म्हणून हिरडी उघडून खड्ड्यात हाडाची भुकटी भरतात. ती कधी आपल्याच हाडाची असते, कधी जनावराच्या हाडापासून शुद्ध केलेली, तर कधी कारखान्यात बनवलेली.

आता दाण्यांनी भरलेले पोते आठवा. तोंड ओढून शिवले तर सुतळी पोते फाडते. हिरडीचेही तसेच. म्हणून डॉक्टर आधी हिरडी आतून सैल करतात, मग शिवतात. टाका फार आवळला तर कडेला रक्त पोचत नाही. कड मरते, जखम उघडते आणि भुकटी बाहेर येते.

टाके तीन तऱ्हेचे. सुट्या टाक्यात प्रत्येकाची गाठ वेगळी. एक तुटला तरी बाकीचे धरून राहतात. धावदोरा लवकर होतो, पण एका जागी तुटला की सगळा ढिला पडतो. गादीचा टाका कडेपासून लांब घालतात. तो ताण आपल्यावर घेतो. पुष्कळदा आधी गादीचा टाका आणि मग कडेला सुटे टाके घालतात. ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत जखम शिवण्याच्या चार रीती सांगितल्या आहेत.

रेशमी धागा मऊ, पण दिव्याच्या वातीसारखा ओल शोषतो. नायलॉन गुळगुळीत असतो, त्याला घाण कमी चिकटते. काही धागे आपोआप विरघळतात. बाकीचे साधारण 7 ते 14 दिवसांनी काढतात. हाड भरून यायला मात्र बहुधा 4 ते 6 महिने लागतात.

डॉक्टरांचे काम झाले, पुढचे आपले. पहिल्या दिवशी जोराने चूळ भरू नये, थुंकू नये. ओठ ओढून टाके पाहू नयेत. पेज, मऊ भात खावा. दुसऱ्या दिवसापासून मिठाचे कोमट पाणी तोंडात हलकेच धरावे. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. तंबाखू, मिश्री, विडी बंद. त्यांनी जखम भरत नाही, पैसे आणि हाल दोन्ही वाया जातात.

रक्त थांबेना, ताप आला, तीन दिवसांनंतरही सूज वाढत गेली, टाका सुटला किंवा भुकटीचे कण तोंडात आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि आम्ही आवर्जून सांगतो, डॉक्टरांनी टाके पाहिल्याशिवाय गावची एसटी धरू नका.