सगळा भार नाडीवर

साडीच्या दुकानात दोन तास काठ-पदर न्याहाळणारी बाई परकर मात्र दोन मिनिटांत उरकते. रंग जुळला, उंची बसली, की झालं. पाचवारीचा सगळा डोलारा ज्याच्यावर उभा, त्याचीच ही उपेक्षा!

नऊवारीला परकर लागत नाही. कासोटा मागे खोचला की ती स्वतःच स्वतःला धरून ठेवते. पाचवारीला कासोटा नाही. तिच्या निऱ्या खोचायला परकराचा नेफा लागतो आणि दिवसभराचं वजन नाडी पेलते. म्हणून पाचवारी रुळली, तसा तिच्या आतला परकरही घरोघरी आला. त्याआधी परकर ओळखीचा होता तो मुलींच्या अंगावरचा, पोलक्यासोबत मिरवायचा. मोठेपणी तोच साडीखालून बोटभर डोकावला, तरी शेजारीण खुणावते.

युरोपातही असंच घडलं. अठराव्या शतकात गाऊन पुढून उघडा असे आणि त्यातून नक्षीदार पेटीकोट मुद्दाम दाखवला जाई. पुढच्या शतकात तो आत गेला आणि घेर फुगवण्यासाठी एकावर एक चढू लागला. 1850 नंतर पोलादी कड्यांचा क्रिनोलिन आला, तेव्हा कुठे ते ओझं हलकं झालं.

इकडे बंगालमध्ये परकर पोचला त्यात मुंबईचा हात आहे. पहिले भारतीय आयसीएस सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यात नेमले गेले. पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी इथल्या पारशी बायकांची साडी नेसण्याची तऱ्हा उचलली, तिला परकर-झंपराची जोड दिली आणि ती कोलकात्याला नेली. तिथल्या भद्र घरांत ही तऱ्हा चांगलीच रुजली.

परकराच्या नाडीची एक दुखरी बाजूही आहे. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन वयस्क स्त्रियांची हकिगत मांडली. घट्ट बांधलेल्या कापडाने वर्षानुवर्षं घासून कमरेवर जखम झाली, ती भरेना आणि अखेर कर्करोग निघाला. त्याला ‘पेटीकोट कॅन्सर’ म्हटलं गेलं. गंमत अशी, की दोघींपैकी एक परकर घालतच नव्हती. ती लुगडं घट्ट नेसायची. मुंबईच्या डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी तर 1945 मध्येच ‘धोतर कॅन्सर’ नोंदवला होता. तेव्हा दोष परकराचा नाही, एकाच जागी रोज काचणाऱ्या आवळपट्टीचा आहे.

हा आजार दुर्मीळ आहे, पण कमरेवरचा काळा वळ अनेकींच्या ओळखीचा असतो. नाडीऐवजी रुंद पट्टीचा परकर शिवून घ्या, घरी आल्यावर गाठ सैल करा आणि त्या वळावरची जखम काही आठवड्यांत भरली नाही, तर हळद लावत न बसता डॉक्टरांना दाखवा.