गाळलेला दात

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने इंजिनाविषयी लिहावे, हे या पत्रिकेच्या वाचकांस थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु पिंपळे सौदागर येथे राहणाऱ्या मनुष्यास इंजिनापासून फार दूर राहता येत नाही. जवळच पिंपरी व भोसरीचे कारखाने, त्यांपलीकडे चाकण. आणि आमच्या इमारतीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा एक गट शर्यतीची मोटार बांधीत होता. सायंकाळी तेथे जाऊन बसण्याची मला सवय लागली. त्यांचे इंजिन तीन आठवडे नीट सुरू होत नव्हते. आणि त्याचे कारण कळले तेव्हा असे वाटले, की हा प्रश्न निम्मा आपल्याच विषयाचा आहे.

विद्यार्थ्यांनी बांधलेल्या मोटारींच्या अशा स्पर्धा अमेरिकेत १९८१ साली सुरू झाल्या. आपल्याकडची फॉर्म्युला भारत ही स्पर्धा अलीकडच्या वर्षांत कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे. इंजिन चार स्ट्रोकचे, ७१० घनसेंटिमीटरपर्यंतचे चालते. मात्र पेट्रोलच्या इंजिनात जाणारी सारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच वाटेने गेली पाहिजे, असा नियम आहे. पुष्कळ गट मोटारसायकलचे इंजिन घेतात. २०१३ पासून कित्येक वर्षे चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार झालेले केटीएम ड्यूकचे ३७३ घनसेंटिमीटरचे एक सिलिंडरी इंजिन त्यांना विशेष प्रिय आहे. इंजिन आयते मिळते. पण त्यास हुकूम देणारा संगणक, म्हणजे ईसीयू, बहुतेक गट निराळा बसवितात. त्या संगणकास या इंजिनाची ओळख मुळापासून करून द्यावी लागते.

संगणकास पिस्टन दिसत नाही. पिस्टन या घटकेस कोठे आहे, हे कळल्यावाचून ठिणगी केव्हा पाडावी हे त्यास ठरविता येत नाही. म्हणून क्रँकशाफ्टवर दात असलेले एक चाक बसवितात व त्यासमोर सेन्सर लावतात. दात समोरून गेला की एक स्पंद मिळतो. या गटाच्या चाकावर ३६ दातांची जागा होती, म्हणजे दर १० अंशांस एक दात. पण सारे दात सारखेच असतील तर पहिला कोणता आणि विसावा कोणता हे कसे ओळखावे? त्यासाठी एक दात मुद्दाम काढून टाकतात. संगणक दोन दातांमधला काळ मोजीत राहतो. एखादा काळ एकाएकी दुप्पट झाला, की तो तेथून मोजणी सुरू करतो.

आपल्या वाचकांस येथे लोपाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. न दिसणे हेही कार्य करते, हे पाणिनीने व्याकरणात फार पूर्वी मानले आहे. मराठीत ‘बसा’, ‘बसू’, ‘बसो’ या रूपांना प्रत्यय आहेत. म्हणूनच नुसते ‘बस’ म्हटले की एकट्या समोरच्यास केलेली आज्ञा समजते. मात्र अभावास अर्थ येतो तो भोवतीच्या नियमितपणामुळे, आणि नेमकी तेथेच या गटाची पहिली अडचण होती. मिनिटास १०,००० फेऱ्यांच्या वेगाने एक फेरा ६ मिलिसेकंदांत होतो व क्रँकची गती बरीचशी एकसारखी असते. स्टार्टरने फिरवताना मात्र मिनिटास ३०० फेरेही कष्टाने होतात. आणि एक सिलिंडरी इंजिनात कॉम्प्रेशनच्या वेळी क्रँक इतका अडखळतो, की दात जागेवर असूनही मधला काळ लांबतो. संगणकास तेथे खोटाच लोप दिसतो. म्हणून गाळलेल्या दाताची जागा अशी ठेवावी लागते, की पिस्टन वरच्या टोकास, म्हणजे टीडीसीस, येताना ती सेन्सरसमोर नसावी. पोरांनी चाक काढून फिरवून बसविले.

दुसरी गोष्ट अंतराची. गाळलेल्या दातापासून टीडीसी किती अंश दूर आहे, हा आकडा संगणकास हाताने द्यावा लागतो. टीडीसी डोळ्यांनी शोधू नये. त्या टोकाशी क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन हललेला दिसत नाही. प्लगच्या भोकातून अडसर घालून क्रँक दोन्ही दिशांनी तो टेकेपर्यंत हळूच फिरवावा, दोन खुणा कराव्यात व त्यांचा मध्य घ्यावा. या गटाने दात मोजताना दोनाची चूक केली. ठिणगी २० अंश लवकर पडली, इंजिनाने उलटा झटका दिला व स्टार्टरचा गिअर तुटला. नवा येईपर्यंत आठ दिवस गेले. तो गिअर हातात घेऊन बसलेल्या मुलीचा चेहरा माझ्या लक्षात आहे. मोजणी तिची होती.

त्यानंतर त्यांनी शहाणपणाने पेट्रोल बंद ठेवले, ठिणगी १० अंशांवर बांधून टाकली व टायमिंग लाइटच्या उजेडात खूण पाहिली. खूण जागेवर होती. इंजिन सुरू करून वेग वाढविताच ती सरकू लागली. हा दोष आकड्याचा नव्हे, तारांचा होता. चुंबक व वेटोळे असलेल्या सेन्सरला दोन तारा असतात. त्या उलट जोडल्या तर तरंगाची तीव्र उतरणीची बाजू सोडून संगणक सैल बाजूवर मोजू लागतो, आणि ती वेगाबरोबर बदलते. तारा अदलाबदल केल्या, खूण स्थिरावली.

उरला कॅम. चार स्ट्रोकच्या इंजिनात एक चक्र पुरे होण्यास क्रँकचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश लागतात. पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनचा शेवट म्हणून, एकदा जळका वायू बाहेर टाकून. क्रँकच्या चाकास दोन्ही वेळा सारख्याच. ‘बस’ हे वाहन की आज्ञा, हे एकट्या शब्दावरून सांगता येत नाही, तसेच हे. कॅम अर्ध्या वेगाने फिरतो, त्यामुळे त्यावरची एकच खूण हा संदेह मिटविते. एक सिलिंडर असता दोन्ही वेळा ठिणगी पाडून निभावता येते, हे खरे. पण मग पेट्रोल कोणत्या फेऱ्यात सोडावे हे हाती राहत नाही. काही इंजिनांत हवेच्या नळीतील दाब कोणत्या फेऱ्यात उतरतो यावरून हा निर्णय करतात. येथे मात्र २० मिलिमीटरच्या वाटेमागे हवेचा मोठा डबा बसविलेला असतो व त्यात तो चढउतार विरून जातो. म्हणून कॅमचा सेन्सर त्यांना घ्यावाच लागला. त्याचा स्पंद गाळलेल्या दातापासून चांगला दूर ठेवावा. जवळ असला तर साखळी थोडी सैल होताच तो कधी अलीकडे, कधी पलीकडे पडतो.

स्पर्धेतील लांब शर्यतीत मध्यावर चालक बदलतो. इंजिन बंद करून, तापलेलेच, पुन्हा सुरू करावे लागते. तेव्हा बॅटरी उतरलेली असू शकते, क्रँक सावकाश फिरतो व दोन तारांच्या सेन्सरचा स्पंद क्षीण होतो. तेथे इंजिन रुसले तर वर्षाचे काम तेथेच संपते. शेवटच्या रात्री त्यांनी सेन्सर व दात यांतील फट गेजने पाऊण मिलिमीटर लावली आणि इंजिन तापवून बंद करण्याचा व सुरू करण्याचा क्रम वीस वेळा केला. एकोणीस वेळा ते लगेच लागले. विसाव्या वेळी दोन फेरे अधिक घेतले, म्हणून पहाटे तीन वाजता त्या मुलीने फट पुन्हा मोजावयास घेतली.