आजीची खोली आणि चौरस फुटाचा दर

घर बांधण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "चौरस फुटाला किती पडले?" उत्तर मिळाले की आपण मनातल्या मनात आपल्या जागेच्या क्षेत्रफळाने त्याला गुणतो आणि खर्च समजला, असे मानतो. हा गुणाकार किती धोक्याचा असतो हे मी पुस्तकातून शिकलो नाही. ते मला माझ्याच अंगणात शिकावे लागले.

माझी आई, म्हणजे माझ्या मुलांची आजी, घराच्या वरच्या मजल्यावर राहत असे. गुडघे दुखू लागल्यावर तिला जिना चढवेना. म्हणून मागच्या अंगणात तिच्यासाठी एक स्वतंत्र खोली बांधायचे ठरले. आतून ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब, आणि तिला लागून न्हाणीघर व संडास. शेजाऱ्यांनी नुकतेच मोठे घर बांधले होते. त्यांचा चौरस फुटाचा दर मी विचारला, खोलीच्या क्षेत्रफळाने गुणला आणि तेवढे पैसे उभे केले. मे महिन्याच्या अखेरीस भिंती खिडक्यांच्या वर, लिंटलपर्यंत आल्या आणि पैसे संपले. तो सबंध पावसाळा भिंतींनी ताडपत्रीखाली काढला आणि आईने जिन्यावर. गवंड्याने फसवले नव्हते की भावही भडकले नव्हते. चूक माझ्या गणितात होती.

कोणते क्षेत्रफळ?

पहिली चूक अगदी साधी. खोली आतून ३ × ४ मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर, सुमारे १२९ चौरस फूट. भिंती २० सेंटीमीटर जाडीच्या असल्याने बाहेरून तीच खोली ३.४ × ४.४ मीटर, म्हणजे १४.९६ चौरस मीटर, सुमारे १६१ चौरस फूट भरते. शेजाऱ्यांचा दर बाहेरच्या मापावरचा होता आणि मी तो आतल्या मापाला लावला. येथेच अंदाज जवळजवळ वीस टक्क्यांनी कमी पडला. दर सांगणाऱ्याला म्हणून नेहमी विचारावे, "हा दर भिंतींसह की भिंतींखेरीज?"

लहान खोली महाग का पडते?

दुसरी चूक अधिक खोल आहे आणि ती भौतिकशास्त्राच्या अध्यापकाने करावी हे लाजिरवाणे होते. आपण एककांचा विचार करू. फरशी आणि छत यांचा खर्च क्षेत्रफळावर अवलंबून असतो. भिंतींचा खर्च मात्र त्यांच्या लांबीवर अवलंबून असतो, कारण उंची आणि जाडी बहुतेक घरांत सारखीच असते. दार, संडासाचे भांडे, पाण्याची व विजेची जोडणी यांचा खर्च नुसत्या संख्येवर अवलंबून असतो. तेव्हा बांधकामाचा खर्च असा मांडता येईल :

खर्च = (अ × क्षेत्रफळ) + (ब × भिंतींची लांबी) + क

चौरस फुटाचा एकच दर वापरणारा माणूस या तीनही पदांना क्षेत्रफळाच्या एका पदात कोंबतो. ज्या घरावरून तो दर काढला, त्याच आकाराच्या घराला तो लागू पडतो. लहान खोलीला पडत नाही. लांबी व रुंदी दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होते, पण परिमिती दुप्पटच होते. उलट लांबी-रुंदी निम्मी केली तर क्षेत्रफळ चौथाई उरते, पण भिंती निम्म्या उरतात. लहान आकारात कडेचा वाटा वाढतो. उंदराला आपल्या वजनाच्या मानाने हत्तीपेक्षा पुष्कळ जास्त अन्न लागते, त्यामागेही असेच एक कारण आहे : लहान शरीराला आकारमानाच्या मानाने त्वचा अधिक, म्हणून उष्णता अधिक निसटते.

आता आकडे पाहा. समजा, शेजाऱ्यांचे घर आतून १०८ चौरस मीटर आहे आणि त्यातील सर्व भिंतींची लांबी ७० मीटर आहे. म्हणजे दर चौरस मीटरमागे ०.६५ मीटर भिंत. आमच्या खोलीत १२ चौरस मीटरला १४.८ मीटर भिंत, म्हणजे दर चौरस मीटरमागे १.२३ मीटर, जवळजवळ दुप्पट! शिवाय संडास त्यांच्याकडेही एक आणि आमच्याकडेही एक. त्यांच्याकडे तो खर्च १०८ चौरस मीटरवर पसरला, आमच्याकडे बारावर.

आधी मापे, मग रुपये

मग अंदाजपत्रक कसे करावे? सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत याचा धडाच आहे. तेथे घराचा असा एक दर नसतो. वीटकाम घनमीटरला, गिलावा चौरस मीटरला, पोलाद वजनावर, असा प्रत्येक कामाचा दर त्याच्या योग्य एककात दिलेला असतो. म्हणजे प्रथम परिमाणे मोजायची आणि रुपया सर्वांत शेवटी आणायचा.

भिंतींपासून सुरुवात करू. भिंतींची लांबी आतून मोजली तर १४ मीटर, बाहेरून मोजली तर १५.६ मीटर. खरी कोणती? भिंतीच्या मध्यरेषेवरची : २ × (३.२ + ४.२) = १४.८ मीटर. पडताळा सोपा आहे. बाहेरच्या क्षेत्रफळातून आतले वजा करा : १४.९६ − १२ = २.९६. आणि १४.८ × ०.२ = २.९६. जमले!

भिंतींची उंची ३ मीटर धरली तर घनफळ १४.८ × ३ × ०.२ = ८.८८ घनमीटर. १ × २.१ मीटरचे एक दार आणि १.२ × १.२ मीटरच्या दोन खिडक्या वजा केल्या की सुमारे १ घनमीटर कमी होतो आणि ७.८८ घनमीटर वीटकाम उरते. मानक वीट १९ × ९ × ९ सेंटीमीटरची असते आणि सांध्यासह ती २० × १० × १० सेंटीमीटर जागा घेते. म्हणून एका घनमीटरला ५०० विटा, एकूण ३,९४०. फुटतुटीसाठी ५ टक्के मिळवून ४,१५० मागवाव्यात. तुमच्या गावची वीट वेगळ्या मापाची असेल, तर पट्टीने मोजून हेच गणित पुन्हा करा.

वाळूचा कपट

विटांमधील सांध्यांना ७.८८ घनमीटर वीटकामात सुमारे १.८ घनमीटर ओला मसाला लागतो. पण कोरडे सिमेंट व वाळू मिळून सुमारे २.४ घनमीटर घ्यावी लागते. उरलेले कोठे जाते? एक वाटी हरभरे आणि एक वाटी रवा एकत्र करून पाहा. दोन वाट्या भरत नाहीत. रवा हरभऱ्यांमधील पोकळ्यांत शिरतो, तसेच सिमेंट वाळूच्या कणांमध्ये शिरते. एकास सहा या प्रमाणात २.४ घनमीटरचे सात भाग केले की सिमेंट ०.३४ घनमीटर येते. ५० किलोग्रॅमच्या पोत्याचे घनफळ सुमारे ०.०३५ घनमीटर असते. म्हणजे १० पोती. वाळू २.०६ घनमीटर. आपल्याकडे वाळू ब्रासवर विकतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. तेव्हा वाळू पाऊण ब्रासला थोडी कमी.

येथे एक गंमत आहे आणि ती खिशाला जाणवणारी आहे. वाळू किंचित ओली असली की तिचे घनफळ वाढते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर जमतो आणि पृष्ठताणामुळे कण एकमेकांत नीट बसत नाहीत. हा फुगवटा २५ टक्क्यांपर्यंत सहज जातो. ओलसर वाळू पेल्यात सैल भरून पाहा. मग ती पूर्ण बुडेपर्यंत हळूच पाणी ओता. वाळूची पातळी खाली बसेल, कारण सगळीकडे पाणी झाल्यावर ते थर उरत नाहीत. याचा अर्थ असा की, फुगलेल्या वाळूच्या एका ब्रासचे पैसे देऊन आपल्याला प्रत्यक्षात ०.८ ब्रासच मिळते. वाळू मोजून घेताना हा पेल्याचा प्रयोग अवश्य करावा.

छताचे वजन

छत चारही बाजूंना ३० सेंटीमीटर पुढे काढले तर ते ४ × ५ मीटर होते. जाडी १२ सेंटीमीटर; घनफळ २.४ घनमीटर. काँक्रीट १ : १.५ : ३ या प्रमाणाचे असल्यास घनमीटरला सुमारे ८ पोती सिमेंट, म्हणजे १९ ते २० पोती लागतील. घनमीटरला २,५०० किलोग्रॅम या हिशेबाने या छताचे वजन सहा टन भरते. हे सहा टन आजीच्या डोक्यावर राहणार असल्याने सळ्यांची जाडी व अंतर अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावे. अंदाजपत्रकापुरते पोलाद काँक्रीटच्या घनफळाच्या १ टक्का धरावे : ०.०२४ घनमीटर × ७,८५० = १८८ किलोग्रॅम.

कारागीर सळईचे वजन एका सूत्राने काढतात : मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे दर मीटरचे किलोग्रॅम. दहा मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला १०० ÷ १६२ = ०.६१७ किलोग्रॅम. हा १६२ आला कोठून? वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि पोलादाची घनता ७,८५० घेऊन तुम्हीच काढून पाहा.

जे दिसत नाही ते

विटांच्या अंदाजात चूक झाली तर पाच टक्क्यांची होईल. पायाचे तसे नाही, कारण जमिनीखाली काय आहे ते दिसत नाही. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते; तिच्यावर उभ्या केलेल्या भिंतींना तडे जातात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावे लागते. आम्ही ०.९ मीटर धरले होते, मुरूम लागला १.६ मीटरवर. चर ०.७५ मीटर रुंद होता. जास्तीचे खोदकाम १४.८ × ०.७५ × ०.७ = ७.७७ घनमीटर. म्हणजे खोलीच्या सगळ्या भिंतींचे जेवढे घनफळ, जवळजवळ तेवढाच जास्तीचा खड्डा जमिनीत खणून तो दगडी बांधकामाने आणि मुरुमाने भरून काढावा लागला!

यातून एक महत्त्वाचा नियम निघतो. समजा, भिंतींचा खर्च एक लाख रुपये आहे आणि त्यात ५ टक्के अनिश्चितता आहे; म्हणजे ५,००० रुपये. पायाचा खर्च साठ हजार, पण अनिश्चितता ५० टक्के. म्हणजे ३०,००० रुपये. विटांचा हिशेब दहा वेळा तपासून काय मिळणार? त्याऐवजी एका दिवसाची मजुरी देऊन अंगणात एक चाचणी-खड्डा घ्यावा. प्रयोगशाळेत आपण हेच शिकतो : जेथे त्रुटी मोठी, तेथे मापन सुधारावे.

दिसत नसलेली दुसरी गोष्ट म्हणजे उतार. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते ४५ सेंटीमीटर उंच ठेवले. आजीला तीन पायऱ्या चढायला लावायच्या, तर मग खोली खाली बांधली कशाला? चाकांच्या खुर्चीलाही चालावा असा उतार १ : १२ चा असतो. ४५ सेंटीमीटरला तो ५.४ मीटर लांब होतो, खोलीच्या लांबीहून मोठा! रुंदी १.२ मीटर धरली तर हा एक त्रिकोणी लोलक आहे : ½ × ५.४ × ०.४५ × १.२ = १.४६ घनमीटर, म्हणजे अर्ध्या ब्रासहून थोडा अधिक भराव. शिवाय त्याच्या बाजूच्या भिंती आणि हाताला धरायची दांडी. खर्च फार नाही; पण जागा आधी राखली नाही तर मागाहून ती मिळत नाही. नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या परवानगीसाठी नकाशा काढताना सामासिक अंतरे सोडावी लागतात, तेव्हाच हा उतारही आखून घ्यावा.

सगळी परिमाणे हाती आली की गावातले दर विचारावेत, गुणावे, मजुरी मिळवावी आणि अनपेक्षित खर्चासाठी काही टक्के बाजूला ठेवावेत. बेरीज ऐपतीबाहेर गेली तर काय कमी करायचे हेही त्या कागदावर दिसते. रंग पुढच्या वर्षी देता येतो, भिंतीतले कपाट मागाहून बसवता येते. पाया, छत, संडास आणि उतार यांना मात्र हात लावू नये.

आमची खोली दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पुरी झाली. राहायला गेल्यावर आई दांडीला धरून उतारावरून दोनदा वर-खाली गेली आणि म्हणाली, "हे आधी केलं असतंस तर पावसाळा इथंच गेला असता." तिचे म्हणणे खरे होते. त्या चार महिन्यांची किंमत माझ्या कोणत्याच अंदाजपत्रकात धरलेली नव्हती.

तुम्ही करून पाहा

१. वरील खोलीला आतून व बाहेरून गिलावा करायचा आहे. दार-खिडक्या वजा करून क्षेत्रफळ काढा. (उत्तर : सुमारे ७९ चौरस मीटर.)

२. खोलीच्या ३ मीटरच्या भिंतीला लागून आतून १.६ × ३ मीटरचे न्हाणीघर जोडा. किती मीटर नवी भिंत लागेल? लक्षात ठेवा, एक भिंत दोघांची सामाईक आहे.

३. तुमच्या वर्गाच्या भिंतींची लांबी व क्षेत्रफळ मोजा आणि दर चौरस मीटरमागे किती मीटर भिंत पडते ते काढा. हेच शाळेतील सर्वांत लहान खोलीसाठी करा आणि दोन्ही उत्तरांची तुलना करा.