येसर: हुलग्या-मटकीच्या आमटीचा घरचा मसाला



आमच्या धारूर भागात कडधान्याच्या आमटीला दोन मसाले वापरतात. एक काळा मसाला, जो थोड्याफार फरकाने महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी आढळतो. दुसरा येसर. मराठवाडा, सोलापूर, नगर हा पट्टा सोडला तर हे नाव फारसे कोणी ऐकलेले नसते. पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांतून येणारे पाहुणे आमच्याकडे जेवतात, आमटी आवडली म्हणतात आणि "यात काय घातलंय?" असे विचारतात. त्यांच्यासाठी हा लेख.

येसर म्हणजे धान्य, डाळ आणि मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळलेले तिखट पीठ. काळ्या मसाल्याने आमटीला वास आणि रंग येतो. येसराने तेही होते, शिवाय रस्सा मिळून येतो, म्हणजे डाळ एकीकडे आणि पाणी एकीकडे असे राहत नाही. लग्नाच्या पंगतीत कितीही माणसे वाढली तरी येसर आमटी पुरते, ती यामुळेच.

धारूर तालुक्यातील वाड्या-तांड्यांवरच्या कुटुंबांना हा गुण पंगतीपेक्षा रोजच्या जेवणात जास्त उपयोगी पडतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास, डोंगरातील सीताफळे संपत आली की, येथून कोयते निघू लागतात. कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला ते पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत राहतात. बाई पहाटे अंधारात उठून तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापते आणि फडावर जाते. वाटण वाटायला पाटा-वरवंटा नसतो, वेळ तर त्याहून नसतो. कारखान्याजवळच्या टपरीवर मसाल्याची पुडी उधारीवर मिळते, पण तीही शेवटी हिशेबातच धरली जाते. येसराचा डबा बरोबर असला तर कांदा, लसूण आणि दोन चमचे पीठ एवढ्यावर आमटी होते. एका बाईने मला हे फार थोडक्यात सांगितले होते: "ताई, हुलगे हाईत, पण येसर न्हाई. नुसत्या पाण्यासंगं भाकर कशी खावी?"

आता कृती. हे प्रमाण साधारण एक किलोचे आहे. बाजरी २५० ग्रॅम, हरभऱ्याची डाळ १५० ग्रॅम, गहू १०० ग्रॅम, धने १५० ग्रॅम, सुक्या लाल मिरच्या १०० ग्रॅम, सुके खोबरे १०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम. लवंग, मिरी आणि दालचिनी प्रत्येकी चमचाभर, पाच-सहा तमालपत्रे, मूठभर दगडफूल, दोन हळकुंडे, सुंठेचा एक तुकडा आणि हरभऱ्याएवढा हिंगाचा खडा. बाजरीऐवजी ज्वारी चालते. घराघराचे प्रमाण वेगळे असते आणि प्रत्येक घराला आपलेच बरोबर वाटते, तेव्हा यावर वाद नको.

सगळे जिन्नस एकदम कढईत टाकू नयेत. जिरे करपून जाते तेव्हा डाळ अजून कच्चीच असते. बाजरी आणि गहू कोरडे भाजावेत. बाजरी तडतडू लागली आणि गव्हाचा रंग गडद झाला की उतरवावे. डाळ तांबूस व्हायला हवी. घाई केली तर येसराला कच्च्या पिठाचा वास येतो, आणि तो नंतर कितीही उकळले तरी जात नाही. धने, जिरे, तीळ मंद आचेवर वेगवेगळे भाजावेत. हळकुंड, सुंठ, हिंग आणि गरम मसाला थोड्या तेलात परतावा. दगडफूल हे नावाला फूल, प्रत्यक्षात ती दगडावर किंवा झाडाच्या सालीवर वाढणारी वनस्पतीसारखी बुरशी-शेवाळाची जोडी आहे. त्यात सालीचे तुकडे आणि खडे असतात, म्हणून ते आधी नीट निवडावे. मिरच्या सगळ्यांत शेवटी, दार-खिडक्या उघडून परताव्यात. घरात दम्याचे माणूस किंवा तान्हे बाळ असेल तर त्यांना तेवढा वेळ शेजारी पाठवावे. मिरचीचा ठसका थट्टेचा नव्हे.

भाजलेले सर्व जिन्नस पूर्ण गार झाल्यावरच दळावेत. गरम असताना दळून डब्यात भरले तर आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि महिन्याभरात बुरशी येते. मिरच्याही ओलसर किंवा काळे डाग पडलेल्या घेऊ नयेत. बुरशी लागलेल्या मिरचीतील विष भाजल्याने पूर्णपणे जात नाही.

खोबऱ्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. चव त्यानेच येते हे खरे, पण खोबरे आणि तीळ तेलकट असल्यामुळे पीठ लवकर खवट होते. घरी दोन महिन्यांत संपणार असेल तर जरूर घाला. सहा महिन्यांसाठी कोपीवर न्यायचा असेल तर खोबरे गाळावे आणि तीळ निम्मे करावेत. काही बाया मसाला खोबऱ्याशिवाय दळून आणतात आणि खोबऱ्याची वाटी अख्खी बरोबर नेतात. ही युक्ती मला सर्वांत चांगली वाटते.

धान्य घालून मसाला करण्याची रीत फक्त आमच्याकडची नाही. वसई-मुंबईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला बॉटल मसाला आपल्यापैकी काहींनी खाल्ला असेल. त्यातही गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून घालतात. तो उन्हाळ्यात करून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात. उजेड न लागल्याने मिरचीचा रंग टिकतो. आमच्याकडे बाटल्यांऐवजी पत्र्याचा डबा असतो, काम तेच.

आमटीसाठी पाच माणसांना दोन वाट्या हुलगे किंवा मटकी रात्री भिजत घालावी. चवळी, वाल, घेवडाही चालतो, मात्र घेवडा म्हणजे राजमा भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि तो चांगला खळखळून उकळावा. अर्धकच्च्या राजम्याने उलट्या होतात. आमच्या बोअरच्या जड पाण्यात कडधान्य लवकर शिजत नाही, म्हणून बायका सोडा टाकतात. चिमूटभर ठीक आहे, पण जास्त सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. त्यापेक्षा भिजवतानाच पाण्यात थोडे मीठ टाकावे, साल मऊ पडते. मीठ नेहमी शेवटीच घालावे असे आपण ऐकत आलो आहोत, ते तितकेसे खरे नाही. चिंच आणि आमसूल मात्र खरोखरच शेवटी घालावे, कारण आंबट पाण्यात दाणा टणक राहतो.

शिजल्यावर तेलात लसूण-कांद्याची फोडणी करावी. दोन-तीन मोठे चमचे येसर आधी वाटीभर गार पाण्यात कालवून मग फोडणीत ओतावा. कोरडा टाकला तर गोळे होतात. त्यात कडधान्य त्याच्या पाण्यासकट घालून दहा मिनिटे उकळावे. उकळल्याशिवाय पीठ फुगत नाही आणि रस्सा मिळून येत नाही.

येसराचा एक धोका सांगितलाच पाहिजे. त्याने पातळ आमटीही दाट दिसते. वस्तीवर जेवणाची चौकशी करताना ताटात दाट, लालभडक आमटी दिसली की आपल्याला बरे वाटते. पण चमचा तळाशी फिरवून पाहावा. हंगामाच्या अखेरीस कडधान्य संपलेले असते आणि नुसत्या येसराची आमटी चालू असते. त्यात वाटीमागे चमचाभर पीठ, बाकी पाणी. भाकरीत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो आणि तो कडधान्यात भरपूर असतो, म्हणून भाकरीबरोबर दाणे पोटात गेले तर वाढत्या मुलाला उपयोग. दोन चमचे येसर त्यांची जागा घेऊ शकत नाही. १० फेब्रुवारीला जगभर कडधान्य दिन पाळतात, तेव्हा आमची माणसे फडावर असतात आणि बहुतेकांची पिशवी तळाला गेलेली असते.

निघण्यापूर्वी द्यायच्या शिध्यात काय असावे असे अनेक जण विचारतात. हुलगे आणि मटकी आधी, आणि त्यांच्या जोडीला येसराचे जिन्नस न दळलेले द्यावेत: बाजरी, डाळ, धने, मिरच्या. तयार मसाला नको. दळण प्रत्येक घर आपल्या चवीने करते, आणि कांडपवाल्याकडे मिरचीचे दळण दिवसाच्या शेवटी नेले तर पुढच्या गिऱ्हाइकाचे पीठही तिखट होत नाही.